थारचं अ‍ॅव्हरेज आणि चोर्ला घाट

घरात नव्या गाडीचा विषय निघाला की दोन पक्ष पडतात. मुलांच्या मोबाइलवर थार नाहीतर जिम्नीचे व्हिडिओ फिरत असतात आणि वडीलधाऱ्यांचा एकच प्रश्न असतो, "अ‍ॅव्हरेज किती देते?" मुलांना हा प्रश्न कंजूषपणाचा वाटतो. मला विचाराल तर प्रश्न अगदी रास्त आहे, गोची आहे ती उत्तरात. शोरूममधला आकडा, मित्राने छातीठोकपणे सांगितलेला आकडा आणि पेट्रोल पंपावर खिशाला कळणारा आकडा हे तिन्ही वेगळे. चौकोनी, उंच, फोर बाय फोर गाड्यांच्या बाबतीत तर हा फरक जरा जास्तच. म्हणून या वेळी सदरात एवढाच विषय.

पाच दारांची जिम्नी जून २०२३ मध्ये बाजारात आली तेव्हा कंपनीचा आकडा होता मॅन्युअलला लिटरमागे १६.९४ किलोमीटर आणि ऑटोमॅटिकला १६.३९. हे आकडे खोटे नाहीत. पण ते निघतात कसे, ते बघा. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रोलरवर उभी करतात आणि ठरवून दिलेल्या वेळापत्रकानुसार चालवतात. चाचणी वीस मिनिटांच्या आत संपते, त्यात साधारण साडेदहा किलोमीटर अंतर होतं, सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास आणि कमाल वेग ९०. एसी बंद. मागे चार माणसं नाहीत, टपावर सामान नाही, घाट नाही, समोर आडवी आलेली म्हैस नाही. दोन गाड्यांची आपापसात तुलना करायला हा आकडा उत्तम आहे. महिन्याचा खर्च काढायला मात्र तो वापरू नका. मालकांच्या बोलण्यात जिम्नीचे १२ ते १५ असे आकडे येतात, आणि पेट्रोल ऑटोमॅटिक थार शहरात एक आकडी अ‍ॅव्हरेज देते हे तिचे चाहतेही हसत हसत कबूल करतात.

यात मोठा वाटा वाऱ्याचा. या गाड्यांचं रूप म्हणजे चाकांवरचं कपाट, आणि आपल्याला तेच आवडतं. साध्या सेडानचा हवेच्या विरोधाचा गुणांक ०.३० च्या आसपास असतो, जीप रँग्लरचा ०.४५ च्या घरात. शिवाय समोरून हवा कापणारा आकारही मोठा. हा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे पुणे-बेंगळुरू हायवेवर ८० चे १०० केलेत तर वाऱ्याचा विरोध दीडपटीहून जास्त होतो, आणि कपाटाला तो सेडानपेक्षा फार महागात पडतो. टपावर रिकामा कॅरिअर कायमचा लावून ठेवणाऱ्यांना म्हणूनच मी विचारतो, शेवटचं सामान कधी बांधलं होतंत?

आता आपल्या रोजच्या गप्पांतला गोव्याचा रस्ता घेऊ. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आणि पणजी समुद्राकाठी. जांबोटी, चोर्ला, साखळी करत अंतर साधारण ११०. शनिवारी जाऊन आलेला पोरगा सांगतो, "जाताना चौदा दिलं!" रविवारी परतीचं कुणी सांगत नाही. हिशेब करून बघू. डिझेल थार, चार माणसं आणि बॅगा मिळून वजन दोन टन धरा. एवढं वजन ७५० मीटर वर उचलायला सुमारे चार युनिट ऊर्जा लागते, तीच वीज बिलातली युनिटं. एक लिटर डिझेलमध्ये अशी दहा युनिटं असतात, पण चाकापर्यंत पोचतात ती जेमतेम तृतीयांश. म्हणजे केवळ उंची चढण्यासाठी सव्वा लिटर डिझेल जादा. सपाटीवर लिटरला १३ देणारी गाडी ११० किलोमीटरला साडेआठ लिटर पिते, त्यात हे सव्वा मिळवा. परतीचं अ‍ॅव्हरेज सव्वाअकरावर येतं. गाडी बिघडलेली नाही आणि पंपवाल्याने मापात मारलेलं नाही, तुम्ही घरी चढून आलात एवढंच. जातानाचा आणि येतानाचा आकडा एकत्र केल्याशिवाय चोर्ल्याचं अ‍ॅव्हरेज सांगूच नये.

उतरताना यातलं थोडं परत मिळतं, पण सगळं नाही, कारण उरलेलं ब्रेकच्या तापण्यात जातं. इथे जुन्या मंडळींची एक सवय आड येते, ती म्हणजे उतारावर गाडी न्यूट्रल करायची. कार्बुरेटरच्या काळात त्याने थोडं तेल वाचत असेलही. आजच्या इंजिनात गिअर टाकलेला असून पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की इंधनाची फवारणी बंद होते, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलवर मात्र इंजिन चालू ठेवायला तेल लागतंच. म्हणजे न्यूट्रलमध्ये तेलही जातं आणि दोन टनांचा सगळा भार ब्रेकवर येतो. चोर्ल्याच्या वळणांवर, पावसाळ्यात, धुक्यात ब्रेक तापून ढिले पडले तर काय होईल ते लिहायची गरज नाही. घरातल्या काकांना नीट समजावून सांगा.

पेट्रोल की डिझेल, या वादात एक गोष्ट हमखास राहून जाते. टिळकवाडीतून कॅम्प, कॅम्पातून परत टिळकवाडी, एवढाच तुमचा रोजचा प्रवास असेल तर डिझेल घेऊ नका. थंड इंजिन जास्त पितं आणि तीन किलोमीटरमध्ये ते तापतही नाही. शिवाय बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरमार्गात काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून सलग वेगात पळावी लागते, आणि साफसफाईसाठी वेगळं डिझेल जळतं. शहरात अडकलेल्या गाडीची जाळी तुंबते, दिवा लागतो, वर्कशॉपचं बिल येतं. पेट्रोलवाल्यांनीही लक्षात ठेवावं की पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलमधली ऊर्जा लिटरमागे तृतीयांशाने कमी, म्हणजे मिश्रणात सहा-सात टक्क्यांची तूट.

आणखी एक गंमत. लिटरमागे किलोमीटर हे माप आपल्याला फसवतं. १८ चं २२ झालं तर आपण खूश होतो, ९ चं ११ झालं तर "दोनच तर वाढले" म्हणतो. शंभर किलोमीटरला किती तेल गेलं ते काढा. पहिल्या गाडीत एक लिटर वाचलं, दुसरीत दोन. म्हणजे कमी अ‍ॅव्हरेजच्या गाडीतच टायरची हवा, वेग आणि फालतू वजन सांभाळण्याचा फायदा सर्वात मोठा. महिन्याला १००० किलोमीटर आणि लिटर १०० रुपये धरला तर १५ देणाऱ्या गाडीला सुमारे ६,७०० रुपये, १० देणारीला १०,०००. हा फरक इएमआयच्या शेजारी लिहा आणि मग घरात चर्चा करा. वाद निम्मा तिथेच मिटतो. उरलेला निम्मा आवडीचा, त्यात मी पडत नाही.

चिखलात, नदीपात्रात उतरलात तर अ‍ॅव्हरेज विसरा आणि तासाचा हिशेब ठेवा. फोर-लो मध्ये दोन तासांत आठ किलोमीटर जाता, तेल मात्र इंजिन चालू असेल तेवढा वेळ जळत असतं. जंगलाच्या वाटेला लागण्यापूर्वी टाकी निम्म्याच्या वर हवीच. जिम्नीची टाकी ४० लिटरची, थारची ५७, हा फरक तिथे कळतो. आणि डांबरी रस्त्यावर परत आलात की टू-एच वर या. कोरड्या रस्त्यावर फोर-एच वापरल्याने तेलही जातं आणि गिअरबॉक्सवर ताणही येतो.

खरं अ‍ॅव्हरेज काढायची पद्धत जुनीच. त्याच पंपावर, पहिल्या ऑटो-कटपर्यंत टाकी भरा, किलोमीटर लिहा, चार-पाचशे किलोमीटर चालवा, पुन्हा तसंच भरा, भागाकार करा. असं सलग तीन वेळा. मीटरच्या पडद्यावरचा आकडा बहुतेक वेळा थोडा लाडावलेला असतो. ज्यांनी मोठे टायर बसवलेत त्यांच्यासाठी एक सूचना: टायरचा व्यास पाच टक्के वाढला की गाडी १०० किलोमीटर गेली तरी मीटर ९५ च दाखवतो. तेवढी दुरुस्ती करा, नाहीतर गाडीला विनाकारण नावं ठेवाल. अर्थात मोठे, जड, खोबणीवाले टायर खरोखरच जास्त पितात, पण किती, ते पुढच्या महिन्यात सविस्तर. तोवर ज्यांच्याकडे चोर्ला, अनमोड किंवा आंबोलीचे जाता-येतानाचे दोन्ही आकडे असतील त्यांनी ते जरूर पाठवा. फक्त जातानाचे नकोत.