पेन्शनपेक्षा मोठा हप्ता

पप्पा कोल्हापुरातल्या एका फाउंड्रीतून निवृत्त झाले, त्याच दिवशी कंपनीचा ग्रुप विमाही संपला. आता त्यांना ईपीएफची पेन्शन मिळते महिन्याला ३,१०० रुपये, म्हणजे वर्षाला ३७,२००. दोघांच्या आरोग्य विम्याचा यंदाचा हप्ता आहे ४३,०००. फरक माझ्या फेलोशिपमधून जातो. फेलोशिप रखडली की उसनवारी.

यावर ठरलेला सल्ला मिळतो: 'तरुणपणीच पॉलिसी घ्यायची.' तरुणपणी पप्पा घराण्यातला पहिला पक्का पगार घरी आणत होते. त्यातून आजोबांचं कर्ज फिटलं, आत्यांची लग्नं झाली, आमच्या फिया भरल्या. ना शेत, ना वडिलोपार्जित घर. ज्यांच्या मागे पिढ्यांची शिल्लक असते, त्यांच्यासाठी लिहिलेला हा सल्ला आहे.

विमा कंपनी वय आणि आजार बघते. आजार आला कुठून, हे बघत नाही. भट्टीवर कोण उभं राहतं आणि ऑफिसात कोण बसतं, हे या देशात जातीशिवाय ठरत नाही. तीस वर्षांची धूळ फुप्फुसात बसली. पॉलिसीत तिचं नाव 'आधीपासूनचा आजार'. त्यासाठी तीन वर्षं थांबायचं.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आता आधी विमा नियामकाकडे जावं लागतं. पण दरवर्षी १० टक्के वाढला तरी हप्ता आठ वर्षांत दुप्पट होतो. ही पेन्शन महागाईप्रमाणे वाढत नाही. आयुष्मान भारत २०२४ पासून सर्वांना मिळतं, पण सत्तरीनंतर. गरिबांच्या यादीत नाव नसलेल्यांनी साठ ते सत्तर काय करायचं?

उत्तर आपल्याच इतिहासात आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४४ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याचा अडारकर अहवाल आला. त्यातून पुढे १९४८ चा ईएसआय कायदा झाला. तिथे वर्गणी वयावर नाही, पगारावर ठरते: कामगाराची ०.७५ टक्के, मालकाची ३.२५ टक्के. किमान पाच वर्षं विमाधारक राहून त्यातूनच निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपयांत पती-पत्नीचे उपचार मिळतात. पण पगार ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की कामगार बाहेर. ही मर्यादा २०१७ पासून २१,००० आहे. पप्पा त्याआधीच बाहेर पडले होते, पगारवाढीचे पेढे वाटत.

म्हणून मागणी साधी आहे. पगार वाढला म्हणून कुणाला ईएसआयबाहेर काढू नका. वर्गणी घ्या आणि म्हातारपणी दार उघडं ठेवा. आयुष्मानची अट सत्तरवरून साठवर आणा. सवलतीच्या दरातली खासगी पॉलिसी हा सामाजिक सुरक्षेला पर्याय नाही.

पुढचा हप्ता मार्चमध्ये आहे. पप्पांनी परवा विचारलं, "माझं नाव काढून मम्मीचंच ठेवलं तर किती बसेल?" मी अजून हिशेब करून सांगितलेला नाही.