आपलं बीपी कोण मोजणार?

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या महिला मंडळाने वाणाबरोबर बीपी तपासायचंही ठरवलं. सिस्टर मशीन घेऊन आल्या. वाण घ्यायला ही झुंबड, आणि सिस्टरपुढची खुर्ची रिकामी! "मला काय झालंय?" "माझं डोकं कुठे दुखतंय?" "आमच्या ह्यांचं बघा, त्यांना आहे." शेवटी, मला बघून तरी येतील म्हणून मीच बसले. आकडा आला १५८/९८.

गावभर आरोग्यावर बोलत फिरणारी मी! सिस्टर म्हणाल्या, "ताई, आत्ताच चहा घेतलात, धावपळ केलीत, आणि बोलताय. थोड्या वेळाने परत बघू." अर्ध्या तासाने पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, पाच मिनिटं गप्प बसायला लावलं (तेच जास्त अवघड गेलं). हात टेबलावर, हृदयाच्या पातळीला. स्वेटर काढायला लावून पट्टा उघड्या दंडावर बांधला. तरी १५०/९६. आठवड्याने दवाखान्यातही १४०/९० च्या वरच. वेगवेगळ्या दिवशी असं आलं की मग बीपी आहे म्हणायचं. डॉक्टरांनी लघवी, रक्तातली साखर, क्रिएटिनिन, ईसीजी तपासून गोळी सुरू केली. त्रास मात्र मला तेव्हाही काही नव्हता. डोकं दुखेल तेव्हा बघू म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आमच्या शेजारच्या काकूंचं निदान वेळेत झालं होतं. गोळ्याही चालू होत्या. मग बरं वाटायला लागलं, कुणीतरी "गोळीची सवय लागते" म्हणालं, आणि काकूंनी त्या बंद केल्या. काकांच्या गोळ्या मात्र त्या रोज न चुकता हातावर ठेवायच्या. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी चहा गाळताना तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. आज त्यांची वेणी सून घालते. अहो, सवय कसली? गोळीने बीपी आटोक्यात राहतं, बरं होत नाही. बंद केली की पुन्हा चढतं. पायाला सूज आली, चक्कर आली तर डॉक्टरांना सांगावं, ते गोळी बदलून देतात. आपण आपल्या मनाने सोडू नये.

मिठाचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी म्हणते, म्हणजे चहाचा एक चमचासुद्धा नाही. लोणचं, पापड, फरसाण सगळं त्यातच आलं. उपासाचं सैंधव चालतं असं मीही समजत होते; तेही मीठच! गुडघे दुखले की दुकानातून आणलेल्या गोळीनेही बीपी चढू शकतं, हे तर मला आत्ता कळलं. आणि गरोदरपणात ज्यांचं बीपी वाढलं होतं त्यांनी नंतरही दरवर्षी मोजत राहावं.

हार्ट अटॅकचं आणखी वेगळं. छातीत दुखतंच, पण बायकांना कधी नुसता दम लागतो, जबडा नाहीतर पाठ दुखते, मळमळतं, दरदरून घाम येतो. आपण म्हणतो पित्त झालं, आणि लिंबू-सोडा पिऊन पडून राहतो. अशा वेळी १०८ ला फोन करून ईसीजी निघेल तिथे जायचं. स्वयंपाक राहिला तर राहू दे.

माझं स्पष्ट मत आहे, नुसतं बायकांना दोष देऊन भागणार नाही. तिशीपुढच्या प्रत्येकाचं बीपी मोजायची सरकारी योजना आहे, आरोग्य केंद्रात गोळ्याही फुकट असतात. पण आमच्याकडे तपासणी सकाळी, नेमकी डबे, धुणीभांडी आणि शेतावर जायच्या वेळेला. दुपारी तीननंतर आठवड्यातून एक दिवस ठेवा, असा अर्ज मंडळाने फेब्रुवारीत दिलाय. सत्तावीस सह्या आहेत, एक अंगठा काकूंचा, डाव्या हाताचा. उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या सोमवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत.