विभागून मिळालेले सुवर्ण

वक्तृत्व स्पर्धेचा निकाल जाहीर करताना परीक्षक ‘प्रथम पारितोषिक विभागून’ असे म्हणतात तेव्हा सभागृहात टाळ्या जरा उशिराने वाजतात, असा माझा वीसेक वर्षांचा अनुभव आहे. दोन विद्यार्थिनी व्यासपीठावर येतात, एकच ढाल दोन बाजूंनी धरतात आणि छायाचित्र काढून होताच ती घरी कोणी न्यायची यावर कुजबुज सुरू होते. मा यानहोंग या चिनी जिम्नॅस्टविषयी वाचताना ही ढाल मला वारंवार आठवत राहिली. तिच्या कारकिर्दीतील दोन्ही थोर क्षण विभागलेले आहेत. चरित्रकारांना मात्र हे विभागलेपण नेमके अडचणीचे वाटते.

डिसेंबर 1979 मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील फोर्ट वर्थ येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तेथे अनइव्हन बार्स, म्हणजे असमान उंचीच्या दोन दांड्यांवरील कसरतीत, मा यानहोंग आणि पूर्व जर्मनीची माक्सी ग्नाउक यांना समान गुण मिळाले. सुवर्णपदक दोघींना देण्यात आले. चीनच्या जिम्नॅस्टिक्समधील ते पहिले जागतिक विजेतेपद. पुरुष व महिला दोन्ही विभागांत त्यापूर्वी कोणालाही ते मिळालेले नव्हते. पाच वर्षांनी, 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये, त्याच साधनावर तिने पुन्हा सुवर्ण जिंकले आणि तेही विभागूनच. या वेळी जोडीला अमेरिकेची ज्युलियान मॅक्नामारा होती. दोघींचे गुण 20 पैकी 19.950. ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारी ती चीनची पहिली महिला जिम्नॅस्ट ठरली.

‘पहिली’ या शब्दाची आपल्या चरित्रलेखनाला फार भूल आहे. पहिली शिक्षिका, पहिली डॉक्टर, पहिली वैमानिक. हा शब्द आला की उरलेले वाक्य आपोआप लिहून होते. त्याचे दुखणे असे की तो माणसाला एकटे पाडतो. पहिलेपण दाखवायचे तर सोबतचे लोक चित्रातून बाहेर काढावे लागतात. मा यानहोंगच्या बाबतीत हे करायचे म्हणजे दोन वेळा, दोन वेगवेगळ्या स्त्रियांना व्यासपीठावरून खाली उतरवणे आले.

त्या काळाची पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. तिचे बालपण सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात, 1966 ते 1976 या वर्षांत, बीजिंगमध्ये गेले. त्या काळी चीनच्या क्रीडाक्षेत्राचे अधिकृत घोषवाक्य होते, ‘मैत्री प्रथम, स्पर्धा नंतर’. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघात चीन परतला तो 1978 मध्ये. 1 जानेवारी 1979 रोजी अमेरिका व चीन यांचे राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले आणि काही आठवड्यांतच डंग श्यावफिंग टेक्सासमध्ये काउबॉयची रुंद टोपी घालून छायाचित्रकारांपुढे उभे राहिले. त्याच वर्षाअखेर त्याच टेक्सासमध्ये ही किशोरवयीन मुलगी दांडीला लटकली. चीनला तेव्हा जगात परत यायचे होते, आणि परतण्यासाठी राष्ट्रांना अशी निमित्ते लागतात. ‘मैत्री प्रथम’च्या घोषणेत वाढलेल्या मुलीला पहिलेच विजेतेपद अर्धे वाटून मिळावे, हा योगायोग एखाद्या कादंबरीकाराने योजला असता तर आपण त्याला कृत्रिम म्हटले असते.

नावाचाही मोह होतोच. ‘मा’ हे आडनाव, त्याचा अर्थ घोडा. ‘यान’ म्हणजे पाकोळी, ‘होंग’ म्हणजे लाल. लाल पाकोळी! हवेत झेपावणाऱ्या खेळाडूविषयीच्या लेखाचे शीर्षक तयारच आहे. मी ते मुद्दाम टाळले. महिला जिम्नॅस्टविषयी लिहिताना आपली वृत्तपत्रीय मराठी आधीच ‘परी’, ‘बाहुली’, ‘चिमुरडी’ यांच्यापलीकडे जात नाही. दांडीवरच्या कसरतीचा खरा विषय तळहाताला पडलेले घट्टे, खांद्याचे सांधे आणि एकच हालचाल हजारदा करण्याचा कंटाळा हा आहे. पाकोळीला घट्टे पडत नाहीत.

आता आक्षेपाकडे वळू. लॉस एंजेलिसच्या सुवर्णाला तितकीशी किंमत नाही, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. सोव्हिएत गटातील बहुतेक देशांनी त्या ऑलिंपिकवर बहिष्कार घातला होता. पूर्व जर्मनी नव्हती, म्हणजे ग्नाउकही नव्हती. आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. 1981 च्या मॉस्को येथील जागतिक स्पर्धेत याच साधनावर ग्नाउकने सुवर्ण जिंकले होते व मा यानहोंगला रौप्य मिळाले होते. 1983 चे विजेतेपदही ग्नाउकचेच. मात्र आक्षेपाची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये ग्नाउकने बार्सचे सुवर्ण जिंकले तेव्हा मा यानहोंग तेथे नव्हती, कारण त्या वेळी बहिष्कार चीनचा होता. फोर्ट वर्थला एका पायरीवर उभ्या राहिलेल्या या दोघी ऑलिंपिकमध्ये कधीही एकमेकींसमोर आल्या नाहीत. दोघींनीही ऑलिंपिक सुवर्ण जिंकले, ते दुसरीच्या अनुपस्थितीत. त्यांचे सरकारी निर्णय त्यांनी घेतले नव्हते, त्यांना कोणी विचारलेही नसेल. मग एकीच्या पदकापुढे तारांकन द्यायचे आणि दुसरीच्या नाही, हा कुठला न्याय? माझ्या मते मा यानहोंगचे चरित्र ग्नाउकला वगळून लिहिता येणार नाही, आणि ग्नाउकचे हिला वगळून.

चरित्र म्हणजे एका व्यक्तीचे, अशी आपली व्याख्या असली तरी मराठीत निराळे उदाहरण आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये निवेदिका आपली हकीकत सांगता सांगता टिळकांना इतकी जागा देते की हे आत्मचरित्र नक्की कोणाचे, असा प्रश्न पडावा, तरी पुस्तक तिचेच राहते. जागा वाटून दिल्याने स्वत्व कमी होत नाही, हे आपण साहित्यात मान्य केले आहे. खेळाच्या बाबतीत का नाही?

पुढच्या काळात तर वाटून घेण्याची सोयच काढून घेण्यात आली. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये याच दांड्यांवर चीनची हे केशिन आणि अमेरिकेची नास्तिया ल्युकिन यांचे गुण अगदी समान, 16.725, झाले. बरोबरी मोडण्याचा नियम लावण्यात आला, सुवर्ण हे केशिनला आणि रौप्य ल्युकिनला मिळाले. 1984 मध्ये हाच नियम असता तर मा यानहोंग आणि मॅक्नामारा यांच्यापैकी एकीचे नाव आज कोणाला आठवले नसते. उलट 2015 च्या ग्लासगो येथील जागतिक स्पर्धेत बार्सवर चौघींची बरोबरी झाली, त्यात चीनची फान यीलिन होती, आणि चौघींनाही सुवर्ण मिळाले. व्यासपीठावर गर्दी झाली, एवढेच.

लॉस एंजेलिसमध्येच ली निंगने तीन सुवर्णांसह सहा पदके मिळवली. पुढे त्याच्या नावाने कंपनी निघाली. 8 ऑगस्ट 2008 रोजी बीजिंगच्या स्टेडियममध्ये तारांच्या आधाराने हवेतून चालत त्याने ऑलिंपिक ज्योत पेटवली, तेव्हा सारे जग पाहत होते. त्याच वर्षी मा यानहोंगचे नाव जिम्नॅस्टिक्सच्या आंतरराष्ट्रीय ‘हॉल ऑफ फेम’मध्ये नोंदवले गेले. ही बातमी किती जणांनी वाचली असेल, कोण जाणे. चीनला जागतिक विजेतेपदाची वाट पहिल्यांदा तिने दाखवली होती आणि ली निंग त्याच वाटेने नंतर आला. आमच्या विद्यार्थ्यांना ‘क्रीडाचरित्र’ या विषयावर प्रकल्प दिला की नादियाची नावे दहा येतात, ली निंगचे एखादे येते. यंदा एका विद्यार्थिनीने मा यानहोंग निवडली आहे. तिच्या आराखड्यातले पहिले प्रकरण माक्सी ग्नाउकवर आहे. मार्गदर्शक म्हणून मी त्यावर अद्याप काही शेरा लिहिलेला नाही.