आजन्म नेमणुकीचं बळ

अमेरिकेत फेडरल जिल्हा न्यायाधीशाला महाभियोगाशिवाय हटवता येत नाही आणि त्याचा पगारही कापता येत नाही. हे संरक्षण कशासाठी, ते अलाबामाच्या फ्रँक जॉन्सन यांची कारकीर्द पाहिली की कळतं. १९५५मध्ये त्यांची नेमणूक झाली. पुढच्याच वर्षी माँटगोमेरीच्या बसमधला वर्णभेद तिघांच्या खंडपीठाने दोन विरुद्ध एक मतांनी घटनाबाह्य ठरवला. त्या दोघांतले एक जॉन्सन. त्यांच्या अंगणात क्रॉस जाळला गेला, १९६७मध्ये आईच्या घरी बॉम्बस्फोट झाला. मतं मागायची वेळ आली असती, तर हा माणूस त्या खुर्चीत टिकलाच नसता.

लोकांनी न निवडलेल्या माणसाने लोकनियुक्त सरकारला का अडवावं, हा आक्षेप मला गंभीर वाटतो. पण सरकार निवडणारे लोक कोण होते? अलाबामातलं सेल्मा शहर ज्या डॅलस काउंटीत आहे, तिथे मतदानाच्या वयाच्या सुमारे १५ हजार कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम तीनशेच्या आसपास लोकांची नावं यादीत होती. मार्च १९६५मध्ये मताधिकारासाठी सेल्माहून माँटगोमेरीकडे निघालेल्या मोर्चेकऱ्यांना पोलिसांनी लाठ्यांनी झोडपल्यावर जॉन्सन यांनी मोर्चाला परवानगी दिली, तीही डोळे मिटून नव्हे. आधी साक्षी ऐकल्या, मग रस्ता दोनपदरी असेल तिथे तीनशेच माणसं चालतील, अशी अट घातली. मोर्चा रोखणारे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस हे त्यांचेच कायद्याच्या वर्गातले सोबती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मताधिकार कायदा झाला आणि ज्यांना डावललं होतं, त्यांची नावं यादीत चढू लागली.