टोंगळ्याच्या ऑपरेशनाआधीचे बोलणे

झरी जामणी तालुक्यातला रुग्ण ‘टोंगळे दुखतात’ म्हणत समोर बसला, की एक्स-रे लिहून देण्याआधी त्याला विचारावे: पाणी कुठले पिता? शेजारच्या पांढरकवडा परिसरातील भूजलातले फ्लोराइड ‘करंट सायन्स’मधील २००७ च्या अभ्यासात नोंदले गेले आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालते. दुसरा स्रोतच नसेल तर दीड.

हाडांच्या फ्लोरोसिसमध्ये मणका ताठतो, मज्जारज्जूवर दाब येऊन पाय अशक्त होतात, आणि रुग्ण मात्र गुडघ्याकडेच बोट दाखवतो. अशा माणसाचा गुडघा बदलला तरी चाल सुधारणार नाही. म्हणून त्याला मान-पाठ वाकवायला सांगा, पायांचे रिफ्लेक्स पाहा, मनगट ते कोपर असा हाताचा एक्स-रे काढा. दोन हाडांमधल्या पडद्यात साठलेले कॅल्शियम तिथे दिसू शकते. मुलांचे गुडघे आत वळू लागले असतील तर आधी पाणी बदलले पाहिजे. पाणी तेच ठेवून हाड सरळ करण्याला अर्थ नाही.

वयाने झिजलेल्या गुडघ्याचे बोलणे वेगळे. ‘दुर्बिणीने साफ करून घेऊ’ हे ऐकायला सोपे वाटते. पण ह्यूस्टनमध्ये मोझली यांनी १८० रुग्णांवर केलेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, केवळ कातडीला छेद दिलेल्यांपेक्षा खरी दुर्बीण शस्त्रक्रिया झालेल्यांना अधिक आराम पडला नव्हता. झिजेसाठी ही शस्त्रक्रिया सुचवणे आता थांबवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम, वजन कमी करणे, काठी, वरून लावायचे औषध हे सगळे काही महिने मनापासून करून पाहिल्याशिवाय सांधा बदलण्याचा विषय काढू नये. पन्नाशीच्या आतला, फक्त आतल्या बाजूने झिजलेला, अजून शेतात राबणारा माणूस असेल तर नडगीचे हाड कापून पायाची रेषा सरळ करण्याचा पर्याय त्याला आवर्जून सांगा. त्याचा स्वतःचा सांधा त्यामुळे शाबूत राहतो. हा पर्याय रुग्णांच्या कानावर फार कमी जातो, याचे वाईट वाटते.

आणि सांधा बदलायचाच ठरला तर? ‘लॅन्सेट’मधील २०१९ च्या संकलनानुसार पूर्ण बदललेले सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षे टिकतात, अर्धवट बदललेले सुमारे ७० टक्के. मात्र पाचांतला एक जण पुरता समाधानी नसतो आणि शंभरांत एक-दोघांना जंतुसंसर्ग होतो. हे आकडे सही घेताना नव्हे, आधी सांगायचे. शक्य तर घरच्यांसमोर, त्यांच्या बोलीत. कोलामी बोलणारी आजी मराठीत नुसती मान हलवते, म्हणजे तिला कळले असे धरू नये.

निंदणाला उकिडवे बसता येईल का, हा बाईचा पहिला प्रश्न असतो. बहुधा नाही, असेच उत्तर द्यावे. कृत्रिम सांध्याच्या किमतीवर ऑगस्ट २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे. बिलात सांध्याची किंमत, कंपनी आणि बॅच क्रमांक वेगळे लिहून मागायला तिच्या मुलाला सांगा, आणि शासकीय योजनेत खर्च बसतो का याची चौकशी बैलजोडी विकण्याआधी करायला लावा.