मोफत उपचारांची खरी किंमत

गोदाकाठच्या सायखेड्यात द्राक्षबागाईतदाराच्या किंवा त्याच बागेत राबणाऱ्या मजुराच्या घरी मोठे आजारपण आले, की पहिला प्रश्न उभा राहतो तो 'सरकारी की खासगी' हा. सरकारी रुग्णालयात पैसा लागत नाही आणि खासगीत वेळ जात नाही, अशी ढोबळ समजूत त्यामागे असते. वस्तुतः ही निवड इतकी सरळ नाही.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीनुसार (२०१७-१८) देशाच्या ग्रामीण भागात बाळंतपण वगळता रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,२९० रुपये, तर खासगीत २७,३४७ रुपये होता. तफावत सहा पटींहून अधिक! तरीही निम्म्याहून अधिक ग्रामीण रुग्ण खासगी रुग्णालयांतच दाखल झाले. शिवाय, जेथे उपचार जवळजवळ मोफत मानले जातात, तेथेही रुग्णाच्या खिशातून चार हजारांवर रुपये गेले. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी यांचा भार वेगळाच.

राज्य सरकारने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार पूर्णतः निःशुल्क केले. निर्णय स्वागतार्हच होता. तथापि, केसपेपरचे शुल्क हा रुग्णाच्या खर्चातील किरकोळ भाग असतो. खरा खर्च होतो तो रुग्णालयात नसलेले औषध बाहेरून आणताना आणि तेथे न होणारी तपासणी खासगी केंद्रात करून घेताना. औषधखरेदीची जबाबदारी २०१७ मध्ये हाफकिनकडे आणि २०२३ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाकडे सोपविली गेली; यंत्रणा अशी वारंवार बदलावी लागते, यातच दुखण्याचे मूळ दिसते.

कागदावर आरोग्यसेवेची उतरंड परिपूर्ण आहे. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, नाशिकचे जिल्हा रुग्णालय आणि हृदयविकार, मूत्रपिंड, कर्करोग यांसाठी विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय. परंतु यातील एका पायरीवर तज्ज्ञ डॉक्टर नसला, तरी रुग्णाला थेट नाशिक गाठावे लागते किंवा वाटेतील खासगी रुग्णालयात थांबावे लागते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सायखेडा-चांदोरी दरम्यानचा पूल पाण्याखाली गेला होता. अशा वेळी गावाजवळच्या सेवेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

या त्रुटीवर सरकारने शोधलेला उपाय म्हणजे विमा. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. दीड लाखाचे संरक्षण पाच लाखांपर्यंत वाढवून ती सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय जून २०२३ मध्ये झाला. हृदयशस्त्रक्रियेसारख्या खर्चात या योजनेचा मोठा आधार आहे. मात्र ती प्रामुख्याने ठरावीक आजारांवरील आंतररुग्ण उपचारांसाठी आहे. मधुमेह, रक्तदाब यांची महिन्याची औषधे तीत येत नाहीत. लहान खर्चाची ही संथ गळतीच अनेक कुटुंबांना कर्जाकडे नेते.

खासगी दरांवर अंकुश अशक्य आहे, असेही नाही. मे २०२० मध्ये कोरोनाकाळात राज्याने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांसाठी साध्या कक्षाला दिवसाला ४,००० आणि व्हेंटिलेटरसह अतिदक्षता विभागाला ९,००० रुपयांची मर्यादा घातली. जानेवारी २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांनी दरपत्रक लावणे बंधनकारक केले. पण जवळ दुसरा पर्याय नसलेल्या रुग्णाला भिंतीवरच्या दरपत्रकाचा उपयोग काय?

सार्वजनिक आरोग्यावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्के खर्चाचे उद्दिष्ट २०१७ च्या राष्ट्रीय धोरणाने २०२५ पर्यंत ठेवले होते. ते गाठले गेले नाही. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात भूलतज्ज्ञ, औषधे आणि सोनोग्राफी नियमित मिळू लागली, तर तेथील रुग्णांचा खर्च वाचेलच. शेजारच्या खासगी रुग्णालयालाही आपले दर आवरावे लागतील. विमा योजनांच्या घोषणा करताना सरकारने या खर्चाला प्राधान्य देणे अगत्याचे आहे.