पाहुणे निघाले, आता वहिनीची सुट्टी

मृग तोंडावर आला की गंगापूरच्या एस.टी. स्टँडवर आणि लासूर स्टेशनवर एकच गर्दी होते. मुंबईचे, उल्हासनगरचे, पुण्याचे पाहुणे परत निघतात. मुलांच्या शाळा उघडायच्या असतात, मोठ्यांची रजा संपलेली असते. पिशव्यांतून कुरडया, पापड, शेवया आणि लोणच्याची बरणी जाते. आजीचे डोळे भरून येतात. महिनाभर गजबजलेले घर एका दुपारीत रिकामे होते.

आता थोडे मागे वळून पाहू या. पाच माणसांच्या घरात सात पाहुणे आले, असे धरा. माणशी दोन हंडे पाणी म्हटले तरी रोज चौदा हंडे जास्तीचे. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर. गोदावरी आपल्याच तालुक्याच्या कडेने वाहते, नाथसागराचा फुगवटा कायगावपर्यंत येतो. तरीही पाऊस कमी झालेल्या वर्षी अनेक वस्त्यांना टँकरची वाट पाहावी लागते. टँकर आला की हंडे-कळशा घेऊन धावते कोण? घरची सून आणि दहावीच्या निकालाकडे डोळे लावून बसलेली तिची मुलगी. दोन्ही वेळच्या भाकरी, चुलीची धग, रात्री अंगणात बाजा टाकणे, गोधड्या अंथरणे, हे सारे त्यांच्याच वाट्याला.

पाहुणे येऊच नयेत, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आपल्या समाजात पाहुणचाराला वेगळा अर्थ आहे. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत १९०१ सालचा उन्हाळ्याच्या सुट्टीतला प्रवास सांगितला आहे. मोठे भाऊ आणि भाचे यांच्यासह ते वडिलांना भेटायला निघाले होते. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळली आणि कोणी गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. दुप्पट भाडे द्यायचे आणि बैलगाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर एक जण तयार झाला. जवळ शिदोरी होती, पण रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही.

दुसरी हकीकत तर आपल्या शेजारची. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबाद लागले. किल्ल्याच्या दारातील हौदावर या मंडळींनी हातपाय धुतले, तेवढ्यावरून हौद बाटल्याची ओरड झाली. शेवटी त्यांना किल्ला पाहू दिला तो सोबत हत्यारी शिपाई देऊन. आत कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून.

ज्यांना धर्मशाळा बंद आणि पाणवठा बंद, त्यांना नातेवाइकाचे घर हीच एक धर्मशाळा होती. म्हणून आपल्या आज्यांनी अर्धी भाकर वाटून खाल्ली, पण दारी आलेल्याला तांब्याभर पाणी दिल्यावाचून सोडले नाही. ही आपली कमाई आहे. ती टिकलीच पाहिजे.

पाहुण्याच्या खिशातली रजादेखील अशीच लढून मिळालेली आहे. फ्रान्समध्ये कामगारांना १९३६ साली कायद्याने दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली आणि कामगारांची कुटुंबे पहिल्यांदाच खेड्यांकडे, समुद्राकडे सुट्टीला निघाली. तिथे आज कित्येक शेतकरी कुटुंबे उन्हाळ्यात घरातल्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतात. म्हणजे राबणाऱ्या हातांचा मोबदला मिळतो. आपल्या देशात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी १९४४ साली पगारी रजेचे विधेयक मांडले आणि १९४५ साली तो कायदा झाला. कारखान्यातल्या कामगाराला वर्षाकाठी दहा दिवसांची पगारी सुट्टी हक्काची झाली.

गिरणीतल्या कामगाराला रजा मिळाली, साहेबाला मिळाली, शाळेतल्या मुलालाही मिळाली. मग घरातल्या वहिनीची रजा कुठे आहे? मे महिन्यात नणंदा माहेरपणाला येतात, दीर-जावा मुंबईहून येतात. त्यांचे करता करता तिला स्वतःच्या माहेरी जाता येत नाही. पाहुणे गेले की पाऊस पडतो, कपाशीची, मक्याची, बाजरीची पेरणी सुरू होते. मग खुरपणी. मग पोरांच्या शाळा. एका भगिनीला आम्ही विचारले, आईकडे चार दिवस राहून किती काळ झाला? ती बोटे मोजू लागली आणि मोजता मोजता गप्प झाली.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाची कर्तव्ये सांगितली आहेत. राबणाऱ्या माणसाला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, आजारात त्याची काळजी घ्यावी, चांगलेचुंगले वाटून द्यावे आणि वेळच्या वेळी सुट्टी द्यावी, असे त्यात आहे. पत्नीचा मान राखावा, घरातला अधिकार तिच्या हाती द्यावा, असेही आहे. नोकराला जी सुट्टी द्यायची, ती घरच्या लक्ष्मी म्हणवणाऱ्या बाईला नाकारायची, हा कुठला न्याय? आणि बौद्धाच्या घरात लक्ष्मी नव्हे, माणूस राहते, हे तरी विसरू नये.

तेव्हा पुढच्या उन्हाळ्यासाठी काही गोष्टी आजच ठरवू या. पाहुण्यांनी आल्या दिवसापासून आपल्या वाटणीचे हंडे स्वतः भरावेत, मुलग्यांनीही. किराण्याचा अर्धा भार न मागता उचलावा. पोरांना वेरूळची पहिली बारा लेणी आणि नागसेनवनातले मिलिंद महाविद्यालय दाखवायला न्यावे, आणि त्या फेरीत घरच्या मुलीलाही घ्यावे. तिला पुढच्या शिक्षणासाठी शहरात यायचे असेल, तर आपल्या खोलीचे दार उघडे ठेवावे. परतीचा पाहुणचार तो हाच. आणि शेवटचे चार दिवस नणंदेने चूल सांभाळून भावजयीला माहेरी पाठवावे.

यंदाचे काय, असे कोणी विचारील. पेरणीला अजून थोडे दिवस आहेत. भाऊ, तुम्ही दोन वेळच्या भाकरी थापायला शिका, नाही जमल्या तर खिचडी टाका. वहिनींना आजच्याच गाडीत बसवून द्या.

जयभीम!